धूळ आत येऊ नये म्हणून

आई, तुला लिहावं असं मला कधी वाटलं नव्हतं. बारा वर्षं झाली तुला जाऊन, आणि खरं सांगायचं तर तुझी आठवण मला चिडल्यावरच येते. आजही चिडलेलीच आहे. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात, मिनीबसच्या पोटात मांडी घालून बसलेय. म्हणजे आता हिला मिनीबस म्हणायचं नाही, कॅरव्हॅन म्हणायचं. सतरा सीटा उपटून टाकल्या, दोन पलंग बसवले, ओटा, बेसिन, चिमणीएवढा फ्रिज, दोन बर्नरची शेगडी, खिडकीला पडदे. तू बघितलं असतंस तर दारातच उभी राहून विचारलं असतंस, "आणि केरसुणी खंय ठेवतत?" हा प्रश्न आजवर एकाही गिऱ्हाइकाने विचारलेला नाही. ते विचारतात, माळेचे दिवे कुठे लागतील.

माझं काम म्हणजे गाडी बाहेर पडायच्या आधी तिचं आतलं सगळं खराब रस्त्याला लायक करणं. भांडी वाजू नयेत, कपाटं उघडू नयेत, स्क्रू ढिले होऊ नयेत, धूळ आत येऊ नये. ऐकायला सोपं वाटतं. पण माणसं गाडीत काय काय भरतात ते बघून माझा माणूसजातीवरचा उरलासुरला विश्वासही उडाला. एका जोडप्याने काचेच्या अठरा बरण्या आणल्या होत्या, रिकाम्या, फक्त फळीवर दिसायला. एकाने कुंडी आणली, मातीसकट. आमचा शेठ माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा, सगळ्यांना ब्रो म्हणतो, मलासुद्धा. त्याला खड्डा म्हणजे काय हे फक्त मोबाइलवर माहीत. मागची गाडी कच्च्या रस्त्यांवरून परत आली तेव्हा ओट्याचे खण उघडे, ताटांचा चुरा, आणि गाद्यांवर पिठासारखी धुळीची साय. गिऱ्हाईक गाळ्यात उभं राहून ओरडलं. शेठ माझ्याकडे बोट दाखवून मोकळा झाला. मग संध्याकाळी गोड बोलायला आला, "ब्रो, पुढची गाडी कच्छला जातेय. ती धड गेली आणि धड आली ना, तर स्पितीची गाडी तू चालवायची. पक्कं." स्पिती, आई, पार हिमालयात. चार वर्षं मी त्या एका गोष्टीसाठी कोणाकोणाच्या गाड्या धुतेय, हॉस्टेलांच्या चादरी बदलतेय. कॉलेज सोडलं ते काय अभ्यास जमत नव्हता म्हणून नव्हे. जमत नव्हताच, पण त्यासाठी नव्हे.

तुझी फॅक्टरी इथून तिसऱ्या गल्लीत होती. आता तिथे जिम आहे. इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या भरायच्या तुम्ही बायका, खोक्यात, खोक्यावर खोकं. पॅकिंगच्या बायका म्हणायचे तुम्हाला, जसं काही नावंच नव्हती. मे महिन्यात एकदा मला घेऊन गेलीस, सहावीत असेन. मोठ्या टेबलाशी तू उभी, डोक्याला फडकं, हात मशीनसारखे. कुपी, कागद, कुपी, कागद. खोकं भरलं की ते उचलून कानाशी धरायचीस आणि हलवायचीस. किण्ण झालं की परत उघडायचं. "आवाज इलो म्हणजे फुटतला," तू म्हणालीस, तेही माझ्याकडे न बघता. मला वाटलं, ह्यात काय एवढं. मी एक ट्रे उचलला, घाईत, आणि टेबलाच्या कडेला आपटला. सगळा हॉल थांबला. सुपरवायझर आला, "किसकी लड़की है ये?" आणि तू, आई, तू हसलीस आणि म्हणालीस, "ह्या चेडू माझा न्हय." बायका खो खो हसल्या. नंतर तूच काच गोळा केलीस, तूच भरपाईच्या चिठ्ठीवर सही केलीस, वाटेत मला कुल्फी पण दिलीस. कुल्फीची चव आठवत नाही. तू मला सगळ्यांसमोर नाकारलंस, ते आठवतं. तुझ्यासाठी तो विनोद होता. असेल.

तेव्हापासून मी तुला मनातल्या मनात मानायचं सोडलं. तू भरलेल्या कुप्या आसामला जायच्या, बिहारला जायच्या, खोक्यावर गावांची नावं छापलेली असायची, आणि तू एकदाही विचारलं नाहीस की हे गाव कसं असतं. तुझं जग म्हणजे चारकोपच्या सेक्टरमधली खोली, फॅक्टरी, आणि मेमध्ये गाव. गावाला निघतानासुद्धा चार दिवस आधीपासून तुझं बांधणं सुरू. तांदळाच्या डब्यात अंडी, अंड्यांवर पातळाची घडी, डब्याच्या झाकणाला दोरी, दोरीला गाठ, गाठीवर गाठ. बाबा म्हणायचे, "अगं, आपण चंद्रावर नाही चाललो." मला लाज वाटायची. एवढं घाबरून जगायचं कशाला? फुटलं तर फुटलं. मी पाठीवर एक सॅक टाकून अर्धा देश फिरले, सॅकची चेनसुद्धा तुटलेली होती, काही बिघडलं नाही. म्हणजे एकदा पाकीट गेलं, एकदा मोबाइल गेला, एकदा एक माणूस गेला, पण तो विषय वेगळा.

तर कच्छचं गिऱ्हाईक. मुलुंडचे काका-काकू, दोघं रिटायर, चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा पंधरा दिवस घराबाहेर. रणाच्या कडेकडेने कच्च्या रस्त्यांवर फिरायचं त्यांनी ठरवलेलं, कुठल्या तरी व्हिडिओत बघून. गाडी काका स्वतः चालवणार. काकू सामान घेऊन आली तेव्हा मी कपाळावर हात मारला. चिनी मातीचा टी-सेट, फुलाफुलांचा, सहा कप सहा बशा आणि किटली. मी म्हटलं, "काकू, वाळवंटात कोण बघणार आहे? स्टीलचे ग्लास घ्या." ती म्हणाली, "कोणी बघायला नको म्हणूनच नेतेय गं. घरी कायम पाहुण्यांसाठीच निघाला." मी टी-सेट घेतला. वर्तमानपत्र नको, ते चुरगळून बसतं आणि जागा सुटते. मऊ टॉवेल कापले, प्रत्येक कपात एक पट्टी, प्रत्येक बशीमध्ये एक गोल. भांड्याला भांडं लागता कामा नये. खणात रबरी जाळी अंथरली. जड डबे खाली, चाकांच्या मधोमध. हलकं वर. लोणच्याच्या बरण्या मोज्यांत घातल्या, काकांच्या, धुतलेल्या. सगळ्या खणांना बाहेरून खिट्ट्या. बिजागरांचे स्क्रू काढून त्यांना ते डिंकासारखं लॉकवालं लावलं, हादऱ्यांनी ढिले होऊ नयेत म्हणून, आणि परत पिळले. आणि मग टी-सेटचा खण बंद करून कान लावला आणि गाळ्यातल्या पोरांना गाडी बाहेरून ढकलून हलवायला लावली. कान लावल्यावर लक्षात आलं मी काय करतेय. इतका संताप आला मला! बारा वर्षं ज्या बाईसारखं व्हायचं नाही म्हणून पळाले, तिचा कान माझ्या डोक्याला चिकटलाय.

मग ट्रायल. मालाडच्या पूर्वेला जुन्या दगडखाणींकडे एक रस्ता आहे, रस्ता म्हणणं म्हणजे त्याचा मान वाढवणं. आमचा मिस्त्री गाडी चालवायला, मी मागे. मिस्त्री साठीचा, जौनपूरचा, तीस वर्षं बसच्या बॉड्या बनवतोय, हळू बोलतो, हळू चालतो, बिडी हळू ओढतो. मला हळू माणसं सहन होत नाहीत. सगळे पडदे ओढले, अंधार केला आणि टॉर्च पेटवला. अंधारात टॉर्चच्या उजेडात धुळीची धार दिसते, आई, बारीक, धुरासारखी. जिथून धार, तिथे भोक. एक बेसिनच्या पाइपपाशी. एक वायरी जातात तिथे. मागच्या दाराच्या रबराला दोन. आणि सगळ्यात मोठी धार गॅसच्या कपाटातून, खाली फरशीत चांगलं रुपयाएवढं गोल भोक, कोणीतरी मुद्दाम पाडल्यासारखं. परत आल्यावर मी फोम आणि सिलिकॉन घेऊन बसले. एकेक बुजवत गेले. गॅसच्या कपाटात हात घातला तसा मिस्त्री बाहेरून म्हणाला, "नीचेवाला रहने दे, बेटी. उसका काम है."

"किसका काम है? धूल का?" मी म्हटलं.

"रहने दे बोला ना."

"चाचा, तुमको भोक पाडायला येतं, बुजवायला येत नाही. म्हणून मागची गाडी तशी आली."

मिस्त्रीने बिडी विझवली आणि तो चहाला गेला. मला वाटलं, पकडलं. आळशी माणूस, स्वतःची चूक झाकतोय. मी फोमचा बोळा करून भोकात दाबून बसवला, वर सिलिकॉन, वर टेप, आणि खालून, गाडीखाली आडवी पडून, पुन्हा टेप. झकास काम. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर पुन्हा नेली. टॉर्च पेटवला. एक धार नाही. एक आवाज नाही. पांढरा रुमाल ओट्यावर पसरून ठेवला होता, तो परत आल्यावर पांढराच. शेठने रुमालाचा व्हिडिओ काढला. "ब्रो, स्पितीला गरम कपडे घे," म्हणाला. त्या रात्री पहिल्यांदा मला वाटलं, घे आई, बघ. हॉलभर बायकांसमोर नाकारलेलं चेडू बघ.

काल सकाळी सात वाजता काका-काकू निघाले. काकूने गाडीला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, मला पेढा दिला. दहाच्या सुमारास मी पुढच्या गाडीच्या बिजागरांना लागले होते. मिस्त्री तिथेच, नव्या गाडीच्या गॅस कपाटाची फरशी पुढ्यात घेऊन, ड्रिलला गोल करवत लावून, भोक पाडत होता. मला राहवेना.

"पाडा, पाडा. आधी भोक पाडायचं, मग धूळ आली म्हणून रडायचं."

त्याने ड्रिल थांबवलं. भुसा फुंकला. "गॅस भारी होता है, बेटी. लीक हुआ तो ऊपर नहीं जाता, नीचे बैठता है. उसको निकलने का रास्ता नहीं दिया तो कपाट में भरेगा, फिर गाडी में भरेगा. फिर कोई माचिस लगाएगा." आणि परत ड्रिल सुरू केलं.

मी उठले, चहा घेऊन येते म्हटलं, बाहेर आले आणि काकूला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. तिसऱ्यांदा उचलला.

"अगं, बोल! आम्ही मनोरला थांबलोय. काय सुंदर हवा आहे. तुझी गाडी म्हणजे अगदी घर! एक कप हलला नाही बघ."

"काकू, गॅस लावलाय?"

"लावतेच आहे. आधण ठेवलंय. ह्यांना लायटर सापडत नाहीये, माचिस शोधतायत."

"लावू नका! काकू, काही लावू नका. काकांना सांगा, लावू नका."

"अगं पण झालं काय?"

काय झालं, आई? हा सोपा प्रश्न होता. मी म्हटलं, "सिलिंडरचं बटण बंद करा. दारं उघडा, सगळी. दिवा, पंखा, कशालाही हात लावू नका. खाली उतरा, झाडाखाली बसा. मी येतेय. आपलं ते, चेकिंग असतं, पहिल्या दिवशीचं. कंपनीचं. सकाळी राहिलं होतं."

"अगं बाई," काकू म्हणाली. मग मागे वळून, "अहो, ठेवा ती माचिस. चेकिंगवाली येतेय."

मिस्त्रीची मोटारसायकल घेतली, न विचारता. घोडबंदरच्या फाउंटन हॉटेलपासून पुढे ट्रक, ट्रक, ट्रक, आणि मी मधून. डोक्यात एकच, काका विसरभोळे आहेत, बिडी-सिगारेट ओढतात का, विचारलंच नाही. आणि वसईच्या आसपास कुठेतरी मला तुझी एक दुपार आठवली, जी मी मुद्दाम कधी आठवत नाही. मी आठवीत, तुला डबा द्यायला आलेले. फॅक्टरीच्या दारात टेम्पो भरून उभा, ताडपत्री बांधून झालेली, ड्रायव्हर आत बसलेला. आणि तू अचानक पुढे होतेस आणि म्हणतेस, थांबवा, एका खोक्यात मी मधला पुठ्ठा घातला नाही. कुठल्या? माहीत नाही. सकाळच्यांपैकी एक. सुपरवायझर तुझ्याकडे बघत राहतो. बायका कपाळाला हात लावतात. कोणी म्हणतं, "जाऊ दे गो, एक फुटलं तर काय?" तू म्हणतेस, "चुकी माझी आसा. मीच उतरवतंय." आणि तू ताडपत्रीची दोरी सोडायला लागतेस. तुझ्यामुळे सगळ्यांची सुट्टी गेली त्या दिवशी. बायका तुला काय काय बोलल्या, मी ऐकलं. मी डबा वॉचमनकडे ठेवून पळून गेले. मला तेव्हा तू भेकड वाटलीस. एवढीशी गोष्ट पोटात ठेवता येत नाही म्हणजे भेकडच. हायवेवर ट्रकच्या धुरात मला पहिल्यांदा वाटलं की ते बोलण्याआधी किती वेळ तोंड नुसतं उघडं राहिलं असेल तुझं.

मनोरला पोचले तेव्हा दोघं खरंच झाडाखाली बसलेले, चटईवर, शेंगा सोलत. काकांनी बटण बंद करून गॅसचं कपाट परत लावून टाकलेलं. मी ते उघडलं. भपकन वास आला. म्हणजे तुला सांगते, आई, वास नाही, थप्पड. रेग्युलेटरच्या पाइपची पट्टी घोडबंदरच्या खड्ड्यांनी ढिली केलेली, आणि आत सगळं साचलेलं, मी बुजवलेल्या त्या झकास भोकावर. टेप ओढली. सिलिकॉन नखांनी काढलं. फोमचा बोळा निघेना, स्क्रू-ड्रायव्हरने खालून ढोसला तेव्हा निघाला. मग अर्धा तास सगळं उघडं ठेवलं. पट्टी पिळली, साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे नाहीत. गाडीखाली पडून भोकाच्या पुढे पत्र्याचा एक तुकडा तिरका वाकवून ठोकला, धूळ समोरून थेट शिरू नये म्हणून, पण वाट मोकळी राहावी. काकूला म्हटलं, "ह्या कपाटात थोडी धूळ येईल. येऊ दे. पुसायची रोज. हे भोक कोणी बुजवायचं नाही, कोणीही सांगितलं तरी." काका वहीत लिहून घेत होते. रिटायर माणसं सगळं लिहून घेतात.

मग काकूने शेगडी पेटवली. मी दारात उभी राहून बघत होते. निळी ज्योत. तिने टी-सेटमधला कप काढला, त्यातली टॉवेलची पट्टी नीट घडी करून ठेवली, आणि पहिला चहा मला दिला. "तू आमच्यासाठी एवढी लांब आलीस," म्हणाली. माझ्या नखांत सिलिकॉन होतं, ते मी कपाखाली लपवलं. काका शेठशी फोनवर बोलत होते, तुमची ही मुलगी म्हणजे काय सांगू. थोड्या वेळाने शेठचा मेसेज आला, तीन आगीची चित्रं आणि खाली स्पिती.

आज मिस्त्रीने विचारलं, गाडी घेऊन कुठे गेली होतीस. मी म्हटलं, मनोरला, काकूचा कप विसरला होता. तो हो म्हणाला, हळू. त्याला कळलंय का, मला माहीत नाही. सोमवारी मी स्पितीला निघणार आहे. हे पत्र टाकायला कुठे पेटी नाही, आणि असती तरी मी टाकलं नसतं, कारण तू ते त्या हॉलमधल्या सगळ्या बायकांना वाचून दाखवलं असतंस.

एक गोष्ट राहिली. मी निघताना काकू गाडीच्या खिडकीतून वाकली आणि तिने सहज विचारलं, "हे असं चेकिंग तुम्ही सगळ्याच गाड्यांना करता का गं?" ती एकटीच होती, काका शेंगांची टरफलं टाकायला गेले होते. तोंड उघडलं होतं मी, आई. उघडलं होतं.

मी म्हटलं, "हो काकू. सगळ्याच."